मधल्या सुट्टीत बाई कुठे असतात?

"दुपारी पोरं जेवत असतात, तेव्हा तू कुठे असतेस?"

दिवाळीच्या सुट्टीत शहाद्याला मामांच्या ओट्यावर बसले होते. चहा अजून हातातच होता आणि त्यांनी हे विचारलं. मामा शिक्षक होते, पुढे केंद्रप्रमुख झाले आणि त्याच पदावरून निवृत्त झाले. मी अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीच्याही वर, एका पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट चोवीस. सुट्टीआधीच्या आठवड्यात शाळेत काय झालं ते आईकडून त्यांच्या कानावर गेलं होतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी आडपडदा न ठेवता सांगितलं.

"त्या दिवशी टेकाडावर होते मामा. रेंज शोधत."

मुलं किती आली, किती जेवली हा आकडा रोजच्या रोज मोबाइलवरून भरायचा असतो. शाळेच्या आवारात रेंज नाही. शंभरेक पावलं चढून एक मोहाचं झाड आहे, तिथे फोन उंच धरला तर एखादी काडी येते. दुसरे सर त्या दिवशी तालुक्याला बैठकीला गेलेले. स्वयंपाकीण ताई वरणाचं पातेलं दोन्ही हातांनी धरून किचन शेडमधून ओसरीकडे निघाल्या आणि पहिलीतला एक मुलगा ताट घेऊन आडवा धावला. गरम वरण त्याच्या पायावर सांडलं. वरून मला किंकाळी ऐकू आली.

मी खाली पोहोचेपर्यंत ताईंनी त्याला मांडीवर घेतलं होतं आणि त्याच्या पायावर त्या तांब्यामागून तांब्या गार पाणी ओतत होत्या. कोणीतरी टूथपेस्ट आणून दिली, ती त्यांनी बाजूला सारली. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाणी ओतत राहिलात म्हणून थोडक्यात निभावलं. पावलावर फोड आला, तो आता सुकला आहे.

मामा रागावले नाहीत, रागावले असते तर बरं वाटलं असतं. कप खाली ठेवून ते म्हणाले, "पातेलं पोरांच्या वाटेवरून न्यायचं नसतं. आधी पातेलं जागेवर, मग पोरं जागेवर. आणि शिक्षक त्या दोघांच्या मध्ये."

"शिक्षक दोन आहेत मामा. वर्ग चार आहेत. नोंदवह्या किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. तांदळाचा साठा वेगळा, डाळ-तेल-मिठाचा साठा वेगळा, चव रजिस्टर वेगळं, इंधन आणि भाजीपाल्याच्या खर्चाच्या पावत्या वेगळ्या. देखरेख करायची म्हणतात, आणि देखरेख केली हे लिहिण्यातच देखरेखीची वेळ जाते."

"आकडा रात्री भरता येतो."

"विचारणा दुपारीच होते."

"होऊ दे. आकडा उशिरा गेल्याने कोणाचा पाय भाजत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण वाद इथे संपला नाही, कारण मामांचं म्हणणं एवढंच नव्हतं. त्यांच्या मते मधल्या सुट्टीतला तास हा शिक्षकाच्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा तास. माझं म्हणणं, तो तास मुलांचा आहे, आणि त्याची जबाबदारी आमच्या अंगावर टाकून सरकारने एका बाईचं काम झाकून ठेवलं आहे.

मामांनी सुरुवात केली ती १९९५ पासून. "त्या वर्षी १५ ऑगस्टला ही पोषण आहाराची योजना आली तेव्हा शिजवलेलं अन्न नव्हतंच. महिन्याला तीन किलो तांदूळ, तोही ऐंशी टक्के हजेरी असली तर. मी तेव्हा धडगावला होतो, आणि आपला जिल्हासुद्धा धुळेच होता. नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. आम्ही तराजू घेऊन बसायचो. पोरगं तांदूळ डोक्यावर घेऊन घरी जायचं. घरात सात माणसं. त्या तीन किलोतलं त्या पोराच्या पोटात किती गेलं, हे मला कधी कळलंच नाही. आम्ही तांदूळ मोजला, जेवण कधी पाहिलं नाही."

पुढे सर्वोच्च न्यायालयाचा २८ नोव्हेंबर २००१ चा आदेश आला. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेलं जेवण, किमान तीनशे उष्मांक आणि आठ ते बारा ग्रॅम प्रथिनं, वर्षात किमान दोनशे दिवस. पोत्यातला तांदूळ पातेल्यात आला. आता पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी, पाच ग्रॅम तेल असा हिशेब आहे, आणि त्यातून ४५० उष्मांक व बारा ग्रॅम प्रथिनं मिळावीत अशी अपेक्षा. २०२१ पासून योजनेचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण. शाळांमध्ये अजून सगळे शालेय पोषण आहार, म्हणजे 'शापोआ'च म्हणतात.

"शिजवलेलं अन्न आलं तेव्हा बरेच शिक्षक कुरकुरले," मामा म्हणाले. "आम्ही काय आचारी आहोत का, असं. मीही म्हणालो असेन. पण पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट दिसली. सोमवारी पोरं वेगळी जेवतात. शुक्रवारचा घास आणि सोमवारचा घास सारखा नसतो. सोमवारी पहिले चार घास चावत नाहीत, गिळतात. रविवारी शाळा नसते ना."

मी गप्प झाले. हे मीही पाहिलं आहे. रविवारचा आणि सोमवारच्या घासाचा संबंध मात्र मी असा शब्दांत कधी जोडला नव्हता.

"एक पोरगी एकाच बाजूने चावायची," ते पुढे म्हणाले. "आठवडाभर पाहिलं. दाढ किडून गाल आतून सुजलेला. वर्गात ती शहाण्यासारखी बसायची, हूं की चूं नाही. फळ्याकडे तोंड करून उभ्या शिक्षकाला हे कधी दिसलं असतं? म्हणून म्हणतो, शिक्षकाने पंगतीत उभं राहिलं पाहिजे. रांगेत बसवा, श्लोक म्हणू द्या, शांतपणे जेवू द्या, आणि बघा."

"मी उभी राहिले की ती दुसऱ्यांदा भात मागत नाहीत, मामा."

त्यांनी भुवया उंचावल्या.

"खरंच सांगते. पहिलीत येणाऱ्या मुलाला मराठी परकी असते. घरी भिली बोलतात. वर्गात माझी भाषा, पुस्तकाची भाषा. दिवसभरात जेवणाचा अर्धा तास एवढाच असा, की त्यांना त्यांच्या भाषेत मोठ्याने बोलता येतं. मी जवळ गेले की आवाज बसतो. ताटाकडे बघत जेवतात, पटकन उठतात. ताईंकडे मात्र ताट पुढे करतात. तिला ती याहा म्हणतात. याहा म्हणजे आई. याहा मोगी देवीच्या नावातली याहा."

माझ्या शाळेत ही बाई नेमकं काय करते, ते मी मामांना सविस्तर सांगितलं, आणि इथेही सांगते, कारण ते कुठल्याच नोंदवहीत येत नाही. कोणाचे आईबाप ऊसतोडीला गेले आणि कोण आजीजवळ राहिलं, हे तिला माझ्याआधी कळतं. सकाळी कोण काही न खाता आलं तेही. लोहाच्या गुलाबी गोळ्या आठवड्यातून एकदा द्यायच्या असतात, आणि उपाशीपोटी दिल्या की मळमळतं, म्हणून त्या जेवणानंतर द्यायच्या. गोळ्या मी देते. पण कोणी गोळी गालात धरून नंतर कुंपणापाशी थुंकतं, हे तिला ठाऊक असतं. आमच्याकडे एका मुलाला सिकलसेल आहे. त्याने दिवसभर पाणी पीत राहिलं पाहिजे, नाहीतर अंग दुखून तो आडवा पडतो. पंगत उठली की ती आधी त्याच्या हातात तांब्या देते. तो पिईपर्यंत कमरेवर हात ठेवून समोर उभी राहते.

"आणि तिला काय मिळतं? २००९ मध्ये महिन्याला हजार रुपये मानधन ठरलं, राज्याने वाढवत वाढवत अडीच हजार केलं. तेही वर्षातले दहा महिने. पगार नाही, मानधन. पंचवीस मुलांपर्यंत एक मदतनीस, सव्वीस झाली की दोन. आमचा पट गेल्या वर्षी सव्वीस होता, चोवीस झाला. दोन मुलं कमी झाली आणि एक बाई कमी झाली. आता ते पातेलं एकटीने उचलायचं. चूल तिची, भांडी तिची, वाढणं तिचं. आणि देखरेख कोणाची? कागदावर माझी."

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई चांगली आहे तुझी. सगळीकडे अशी मिळत नाही. चांगल्या माणसाच्या भरवशावर व्यवस्था उभी करता येत नाही. गंडामन आठवतं ना?"

आठवत नाही असा एकही शिक्षक नसेल. बिहारमधल्या सारण जिल्ह्यातलं गंडामन, १६ जुलै २०१३. शाळेतलं जेवण जेवून तेवीस मुलं गेली. स्वयंपाकात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलं होतं. त्यानंतर देशभर चव घेण्याचा नियम कडक झाला आणि ३० सप्टेंबर २०१५ च्या नियमांत तो बांधला गेला. मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसांनी चव घ्यायची, त्यात निदान एक शिक्षक हवाच.

"चव रजिस्टर म्हणजे तुला कागद वाटतो," मामा म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच थोडा चढला. "त्या कागदामागे तेवीस पोरं आहेत. मी शाळाभेटीला गेलो की आधी रजिस्टर मागायचो नाही, चमचा मागायचो. सह्या महिनाभराच्या एकदम केलेल्या असायच्या, एकाच पेनाने. मला वाईट वाटायचं. अर्धा तास आधी चव घ्यायची, ती कशासाठी? काही असेल तर ते आधी मोठ्या माणसाला व्हावं म्हणून. शिक्षकाने पोरांसाठी करायच्या कामांत याहून मोठं काम मला माहीत नाही."

मला हे पटतं. मी चव रोज घेते, अर्धा तास आधीच घेते. पण गंडामनची गोष्ट मला दुसऱ्याही टोकाने आठवते आणि ती मी मामांना सांगितली. तिथे स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच तेल वेगळं वाटलं होतं, असं तिने पुढे सांगितलं. ते अन्न खाऊन ती स्वतःही आजारी पडली. "तिच्या शब्दाला वजन असतं तर चव घ्यायची वेळच आली नसती. नियम काय म्हणतो, शिक्षकाने चव घ्यावी. चुलीजवळच्या बाईने 'आज हे शिजवत नाही' म्हटलं तर तिचं ऐकलंच पाहिजे, असा नियम कुठे आहे? ताईंनी एकदा मटकी परत ठेवली होती. वास येतो म्हणाल्या. मला वास येत नव्हता. मी ऐकलं. पण ऐकणं माझ्या मनावर होतं, हेच मला बरोबर वाटत नाही."

"आणि पालकांनीही चव घ्यायची असते," मामा म्हणाले. "शाळा व्यवस्थापन समिती कशाला आहे? आयांना बोलवा."

"दिवाळीनंतर कोणत्या आया, मामा? सुट्टी संपून मी वर जाईन तेव्हा निम्मी घरं कुलपात असतील. होळीपर्यंत पाड्यावर म्हाताऱ्या आणि पोरं."

मामांनी मान हलवली. धडगावला त्यांनी अशी किती वर्षं काढली आहेत, ते त्यांनी सांगितलं नाही. काठी गावच्या होळीला माणसं परत येताना बघून हजेरीपटावर नावं पुन्हा कशी जिवंत व्हायची, एवढंच म्हणाले.

मामी बाहेर येऊन बसल्या होत्या. त्यांनी मध्येच विचारलं, "अंडं देतात का गं अजून?" मी नाही म्हणाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्यांना केळं असं ठरलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा निधी काढून घेतला. अंड्याच्या दिवशी हजेरी पूर्ण असायची. तापातून उठलेलं मूलही यायचं. ते अंडं परत मिळालं पाहिजे. याबद्दल आम्हा तिघांत दोन मतं नव्हती.

मग मी माझा हुकमी मुद्दा काढला. इंग्लंडात जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवण्याची शिक्षकांवर सक्ती नाही. त्या कामाला वेगळी माणसं असतात, बहुतेक जवळपास राहणाऱ्या बायका. त्यांना त्याचे पैसे मिळतात आणि त्या कामाला नाव आहे. "आपल्याकडे मदतनीस हे नाव आहे. मदत कोणाला? काम तर सगळं तीच करते. तिला देखरेख हे काम म्हणून द्या, शिकवा, तसे पैसे द्या, आणि सोबत दुसरी बाई द्या. मी शिकवीन."

"आणि जपान?" मामांनी विचारलं. निवृत्तीनंतर ते खूप वाचतात. "तिथे १९५४ मध्ये शाळेतल्या जेवणाचा कायदा झाला. पोरं पांढरे एप्रन, टोप्या घालून स्वतः वाढतात. पाळ्या असतात. आणि शिक्षक त्यांच्याबरोबर वर्गात बसून तेच अन्न जेवतो. वेगळा डबा नाही. जेवण हा तिथे शिकवण्याचाच भाग आहे. तू म्हणतेस, उभी राहिले की पोरं गप्प होतात. मग उभी राहू नकोस. बस. ताट घे आणि बस."

खरं सांगायचं तर हे मला सुचलं नव्हतं. इतकी वर्षं मी ऑफिसच्या टेबलावर डबा उघडते, हजेरीपट बाजूला सारून. चवीपुरता चमचा तोंडात टाकते. पंगतीत त्यांच्यात बसून कधी जेवले नाही.

पण बसलं की पातेलं कोण सांभाळणार? मी बसले तर उभं कोण? मामा म्हणाले, "म्हणूनच माणसं दोन लागतात." मी म्हणाले, "मीही मघापासून तेच सांगते आहे." मामी हसल्या. मामा हसले नाहीत. त्यांच्या मते ती दोन माणसं म्हणजे दोन शिक्षक. माझ्या मते एक शिक्षक आणि पाड्यावरची एक बाई, सारख्या अधिकाराची. हा फरक छोटा नाही आणि त्या संध्याकाळी तो मिटला नाही.

अंधार पडायला लागला तेव्हा मी त्यांना एक गोष्ट विचारली. बऱ्याच दिवसांपासून ती मनात होती. माझ्या तिसरीतल्या एका मुलीबरोबर तिचा धाकटा भाऊ येतो. तीन वर्षांचा असेल. आईबाप कामाला गेले की त्याला कोणाकडे ठेवणार? अंगणवाडी दुसऱ्या पाड्यावर आहे, मध्ये ओढा. तो वर्गात तिच्या मांडीला टेकून झोपतो. जेवताना ती आपल्या ताटात एक रेघ ओढते, बोटाने, भाताच्या मधोमध. एक बाजू त्याची. आधी तो खातो. त्याची बाजू संपली की ती आपल्या बाजूचा भात हळूच रेघेपलीकडे सरकवते. त्याला वाटतं त्याचाच आहे.

"तो पटावर नाही," मी म्हणाले. "नियमाने त्याला वाढता येत नाही. ताई डाळीत अर्धा तांब्या पाणी जास्त घालतात. मी पाहिलं आहे आणि मी काही म्हणत नाही. तुम्ही शाळाभेटीला आला असतात तर काय केलं असतंत? चोवीस हजर, जेवणारी पंचवीस तोंडं."

मामांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. केंद्रप्रमुख म्हणून त्यांनी आयुष्यभर ताटं मोजली. भेटीच्या वेळी उष्टी ताटं किती आणि हजेरी किती हे ते जुळवून बघायचे. फरक निघाला तर शेरा लिहायचे. आकडे फुगवून तांदूळ खाणारी माणसं त्यांनी पाहिली होती, आणि मोजलं नाही तर पोरांच्या तोंडचा घास जातो हे त्यांचं म्हणणं खोटं नाही.

"अशी पोरं माझ्याही वेळी असायची," ते शेवटी म्हणाले. "भावंडं. मला दिसायची. मी ओसरीवर जायच्या आधी ऑफिसात बसून पाणी मागायचो, आणि वेळ लावून प्यायचो. तेवढ्यात त्यांचं खाऊन व्हायचं. मग मी जाऊन ताटं मोजायचो."

"म्हणजे बघायचं नाही, असं ठरवायचात."

"बघितलं असतं तर लिहावं लागलं असतं."

मला मामांचा राग आला नाही. पण मला ते पुरेसंही वाटलं नाही, आणि मी तसं म्हणाले. त्या मुलाला कोणीतरी पाणी पीत बसलं म्हणून जेवायला मिळू नये. सरळ मिळावं. शाळेत आलेल्या भुकेल्या मुलाला वाढता येईल एवढी जागा नियमात असावी, आणि ती जागा आपण मागावी. लेखी. मामांनी सांगितलं, "लिही. पण आधी सोमवारचं बघ. शाळा सुरू होईल तेव्हा पातेलं कुठे ठेवणार आहेस?"

त्यावर मी ताईंशी आधीच बोलले होते. किचन शेडला ओसरीच्या बाजूने एक खिडकी आहे, गज नसलेली. पातेलं आतच ठेवायचं, खिडकीच्या खाली, दगडावर. पोरं बाहेर रांगेत. ताईंनी आतून वाढायचं. गरम काही पोरांच्या वाटेवर येणारच नाही. मी बाहेर, आधी रांगेजवळ आणि मग पंगतीत. आकडा संध्याकाळी.

मामांनी खिडकी किती उंच आहे ते विचारलं. मी हात धरून दाखवली, माझ्या छातीशी येते.

"पहिलीतलं पोर पुरतं?"

"टाचा उंचावून पुरतं."

"आणि तो धाकटा?"

"त्याला बहीण उचलून धरते," मी म्हणाले.

"मग ताट कोण धरतं?" मामांनी विचारलं.